नव्या स्प्रिंगा, मूळचे शॉकअप आणि चाळीस कुंड्या

गाडीची पाठ सोसायटीच्या फाटकाजवळच्या स्पीडब्रेकरवर घासली तेव्हा असा काही आवाज झाला की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आपला मिक्सर बंद केला. मिक्सर बंद झाला तरी आवाज चालूच, म्हणून त्या खिडकीत आल्या, खाली बघितलं, "अगंबाई, काटेसाहेब होय!" म्हणाल्या आणि निश्चिंत मनानं पुन्हा मिक्सर लावायला गेल्या.

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे कार्यालयात निरीक्षक होते. दुकानादुकानातले काटे तपासायचे, खरे असतील तर त्यांवर शिक्का मारायचा, आणि खोटे असतील तर दुकानदाराकडे अशा नजरेनं बघायचं की त्याला आपली पहिलीपासूनची सगळी पापं आठवावीत, हे त्यांचं काम. पंचवीस वर्षं हे केल्यावर त्यांचा माणसांवर फारसा विश्वास उरला नव्हता, पण शिक्क्यावर मात्र ठाम होता. दुधाचं पातेलं उचललं तरी ते "सव्वा किलो, भांड्यासकट" असं पुटपुटत. भाजीवाला त्यांना बघून आपणहून एक टोमॅटो जास्त टाके, आणि साहेब तो काढून परत देत. जास्त देणं हेही मापात पापच, असं त्यांचं म्हणणं.

तर त्या दिवशी गाडी घासली ती माल पोचवायच्या तालमीत. गाडीत तीस कुंड्या होत्या, भट्टीत वाकड्या होऊन बाद झालेल्या. साहेबांनी गाडी थांबवून मागं बघितलं तेव्हा त्यांतल्या चार फुटलेल्या होत्या. शेजारी बायको बसली होती. ती काहीच बोलली नाही. तीस कुंड्यांपेक्षा ते न बोलणंच गाडीत जास्त जड होतं, आणि वजनातलं साहेबांना कळत असल्यामुळे ते त्यांना बरोबर कळलं.

कुंड्या बायकोच्या होत्या. म्हणजे तिनं केलेल्या. दोन वर्षांपूर्वी तिनं मागच्या व्हरांड्यात मातीकामाचं चाक बसवलं, मग विजेची भट्टी आणली. गेल्या वर्षी पाहुणे आले असताना साहेब सहज बोलून गेले, "हिला आपला मातीत हात घालायचा नाद आहे. वेळ जातो." पाहुणे हसले. बायकोही हसली. पण त्या दिवसापासून तिनं मातीची पोती उचलायला साहेबांना हाक मारणं बंद केलं. स्वतःच ओढत न्यायची. साहेबांच्या हे लक्षात आलं तोवर तेरा पोती झाली होती. तेरा, कारण मोजायची सवय जात नाही. त्यानंतर ते दर पोत्याला उठून उभे राहायचे आणि दर पोत्याला बायको म्हणायची, "असू दे. जमतंय मला." एवढ्या सौम्यपणे कुणी कुणाला घराबाहेर काढलं नसेल!

आणि मग तिला पहिली खरीखुरी ऑर्डर आली. वाचनालयाच्या नव्या वाचनकक्षासाठी चाळीस कुंड्या, एकेक सहा किलोची, शनिवारी सकाळी अकराला पोचत्या करायच्या. मुख्य ग्रंथपाल बाईंनी बजावलं होतं, "एकही तडकलेली नको. एक जरी फुटकी निघाली तरी मी सगळ्या परत करीन आणि सरळ प्लास्टिकच्या घेईन."

साहेबांना यात आपल्यासाठी एक फट दिसली आणि ते तीतून आत घुसले. "टेंपो कशाला? घरची गाडी आहे की! मी स्वतः पोचवतो."

वर्षभरानं पहिल्यांदा बायकोनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "नक्की?"

"अगं, वजन हा माझा विषय आहे."

आणि आता विषयातच चार कुंड्या नापास!

दुसऱ्या दिवशी साहेब गाडी घेऊन गॅरेजमध्ये हजर. मिस्त्रीनं मागच्या बाजूला एकदा दाबून बघितलं, वाकून खाली बघितलं, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं साहेबांना बाजूला घेतलं.

"स्प्रिंगा बसल्यात साहेब. जास्त ताकदीच्या टाकू. अडीचशे किलो टाका मागं, हूं की चूं करणार नाही."

"टाका."

"आणि शॉकअपही बदलून टाकू. म्हणजे जोडी जमेल."

"ते का? ते तुटलेत?"

"तुटले नाहीत. दमलेत."

आता इथं ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं थांबायला हवं. स्प्रिंग म्हणजे मधली सुट्टी आणि शॉकअप म्हणजे सुट्टी संपल्याची घंटा. खड्डा आला की स्प्रिंग गाडीला उडवते, आणि शॉकअप म्हणतो, पुरे आता, बसा जागेवर. घंटा नसेल तर काय होतं ते कुठल्याही शाळेला विचारा. आणि सुट्टी दुप्पट मोठी करून घंटा जुनीच, तीही घसा बसलेली ठेवली, तर काय होईल ते मिस्त्रीला स्वच्छ दिसत होतं.

पण साहेब तोवर टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले होते. तिथून त्यांचा आवाज आला, "अहो मिस्त्री, यावर कंपनीचा मूळ शिक्का आहे!"

"असेल ना."

"असेल काय? आहे! अठरा वर्षं झाली तरी स्वच्छ वाचता येतोय. क्रमांकासकट!"

"साहेब, शिक्का बाहेर आहे. आतलं तेल संपलंय."

साहेब गाडीखालून बाहेर आले. नाकाला काळं लागलं होतं, पण चेहऱ्यावर कार्यालयाचं तेज होतं. "मिस्त्री, आमच्याकडे नियम आहे. शिक्का वाचता येतो तोवर वस्तू खरी. शिक्का असलेली वस्तू आपल्या हातानं भंगारात टाकायची म्हणजे उद्या मी कुठल्या तोंडानं दुकानदारासमोर उभा राहू?"

मिस्त्रीला दुकानदाराचा आणि शॉकअपचा संबंध कळला नाही. पण गिऱ्हाईक आणि पाऊस यांच्याशी वाद घालू नये, असं त्याच्या वडिलांनी त्याला सांगून ठेवलेलं होतं. "बरं. तुमची गाडी," तो म्हणाला, आणि नव्या स्प्रिंगा टाकून दिल्या.

संध्याकाळी गाडी घरी आली ती मागून वर. नाक खाली, शेपूट आभाळात. बाकाखाली पडलेली पेन्सिल शोधायला एखादी मुलगी वाकावी तशी दिसत होती. फाटकाजवळच्या स्पीडब्रेकरवर पुढची चाकं गेली, मागची गेली, साहेबांनी विजयी मुद्रेनं गाडी थांबवली. घासली नाही! गाडी थांबली, पण गाडीचं मागचं अंग थांबलं नाही. ते वर गेलं, खाली आलं, वर गेलं, खाली आलं. साहेब स्टिअरिंग धरून, चेहरा गंभीर ठेवून, वरखाली होत राहिले.

तळमजल्यावरचे हेडसर दारात खुर्ची टाकून बसले होते. निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाले तरी घंटा त्यांच्या अंगात होती. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"अकरा वेळा," ते म्हणाले. "काटेसाहेब, अकरा आवर्तनं. नववीच्या पुस्तकात लंबकाचं चित्र आहे ना, तेच! मी मुलांना हे दाखवायला दोरीला दगड बांधायचो. तुम्ही सबंध गाडी बांधली!"

"नवीन स्प्रिंग आहे. अंगवळणी पडायला वेळ लागतो," साहेब म्हणाले.

"गाडीच्या का तुमच्या?"

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वरून ओरडल्या, "अहो, मागं दगड भरा! माझ्या भावानं भरले होते!"

"मग काय झालं?"

"काय व्हायचं? दगड राहिले गाडीत. गाडी विकली तेव्हा काढले."

साहेबांची लेक दहावीत. ती गाडीत मागं बसून एक चक्कर मारून आली आणि उतरल्यावर तिनं इतकंच विचारलं, "बाबा, आईच्या कुंड्यांना उलटी होत नाही ना?" मग घरात जाऊन तिनं हे आईला सांगितलं. आतून चाकाचा घर्रर्र आवाज तेवढा आला. चाळिसातली सदतिसावी कुंडी चाकावर होती.

साहेबांनी ठरवलं, आता हे शास्त्रशुद्ध पद्धतीनं करायचं. भार टाकून गाडी तपासायची. कार्यालयाच्या कपाटात वीस-वीस किलोची पितळी प्रमाण वजनं होतीच. पण सरकारी वजनं बाहेर न्यायची तर निरीक्षकाकडे अर्ज लागतो. साहेबांनी अर्ज लिहिला. अर्ज ज्याच्याकडे द्यायचा तो निरीक्षक म्हणजे तेच होते, म्हणून खुर्चीवरून उठून पलीकडून येऊन तो त्यांनी स्वतःच्या टेबलावर ठेवला. मग बसून वाचला. कारण बघितलं, 'खाजगी वाहनाची चाचणी'. त्यांचा चेहरा कठोर झाला. तांबड्या शाईनं त्यांनी शेरा मारला, 'खाजगी कामासाठी देता येत नाहीत. नामंजूर.' आणि दिवसभर ते त्या निरीक्षकावर मनातून रागावून, पण आदर राखून वागले.

राहता राहिली माणसं. संध्याकाळी साहेबांनी बाथरूममधला वजनकाटा (त्यावरही शिक्का होता) अंगणात मांडला आणि शेजाऱ्यांना एकेक करून उभं केलं. हेडसर बहात्तर किलो सहाशे ग्रॅम. हा आकडा साहेबांनी दुकानातल्यासारखा मोठ्यानं उच्चारल्यामुळे हेडसरांच्या घरातून "मी सांगत होते ना, साखर बंद करा!" असा आवाज आला, आणि हेडसरांचा चहा त्या दिवसापासून बिनसाखरेचा झाला. काकू म्हणाल्या, "मी गाडीत बसते, पण काट्यावर उभी राहणार नाही." साहेबांनी त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि वहीत 'अंदाजे' असं लिहून पुढं एक आकडा लिहिला. काकूंनी वही ओढून घेतली, आकडा बघितला, आणि नंतरचे दोन दिवस त्या साहेबांशी बोलल्या नाहीत. यावरून आकडा बरोबर असावा.

मागं चार माणसं बसली, एक डिकीत, आणि काय आश्चर्य! गाडी सपाट झाली. नाक वर आलं, शेपूट खाली. स्पीडब्रेकरवर हेडसरांनी मोजलं, चारच आवर्तनं, तीही नावेसारखी संथ.

"बघा!" साहेब म्हणाले. "गाडीत खोट नाही. गाडीला जबाबदारी हवी!"

"म्हणजे रिकामी चालवायचीच नाही?" लेकीनं विचारलं.

"रिकामी कशाला चालवायची? कुंड्यांसाठीच तर आहे ती."

यावर लेक काहीतरी बोलणार होती, पण आईनं तिला आत बोलावलं. बायकोनं खिडकीतून हे सगळं बघितलं होतं. ती बाहेर आली नाही, पण टेंपोवाल्याचा नंबर लिहिलेला कागद तिनं फ्रिजवरून काढला, हे साहेबांनी बघितलं. तो तिनं फेकून दिला की पर्समध्ये ठेवला, हे मात्र त्यांना दिसलं नाही.

शनिवारी सकाळी चाळीस कुंड्या, प्रत्येक वर्तमानपत्रात गुंडाळलेली, मध्ये घरातले एकूण एक टॉवेल, अशा गाडीत बसल्या. मागचं सीट पाडलं. चाळिसावी कुंडी कुठंच बसेना, म्हणून ती मांडीवर घेऊन लेक कोपऱ्यात बसली. बायको पुढं. साहेबांनी आरसा ठीक केला, घसा साफ केला आणि ताशी बारा किलोमीटर या भरधाव वेगानं मोहीम निघाली.

रस्ता होता वीस मिनिटांचा. मध्ये सात स्पीडब्रेकर. प्रत्येकाच्या आधी साहेब गाडी थांबवत, श्वास घेत आणि झोपलेल्या बाळाच्या खोलीत शिरावं तसे अलगद पुढं सरकत. गाडी वर, गाडी खाली, वर, खाली. बायको डोळे मिटून पुटपुटायची, "एक... दोन... तीन... चार," आणि पाचवं आलं नाही की डोळे उघडायची. मागून हॉर्न वाजत होते. सायकली पुढं गेल्या. काठी टेकत चाललेले एक आजोबाही पुढं गेले, वळून परत आले आणि खिडकीशी वाकून त्यांनी विचारलं, "काही मदत हवी का? ढकलू?"

"नको, चालू आहे," साहेब म्हणाले.

"हो का?" आजोबा म्हणाले, आणि पुन्हा पुढं निघून गेले.

अकराला पाच कमी असताना वाचनालय आलं. नवंकोरं पोर्च, वर पांढरीशुभ्र तुळई. पहारेकरी म्हणाला, "आत घ्या, आत. सावलीत उतरवा." गाडीच्या टपावर लोखंडी कॅरियर होता. तो कधीकाळी एका सहलीसाठी बसवलेला, नंतर बोल्ट गंजले म्हणून तिथंच राहिलेला. पहारेकऱ्यानं वाकून बघितलं. तुळई आणि कॅरियर यांत दोन बोटांचं अंतर. "येतंय, येतंय!" गाडी आत गेली.

मुख्य ग्रंथपाल बाई पायरीवर उभ्या होत्या. चष्मा नाकावर, हातात पेन्सिल. त्या प्रत्येक कुंडीवर पेन्सिलीनं टकटक करून कान लावायच्या. टण्ण वाजलं की मान हलवायच्या आणि कारकून आवक वहीत एक आकडा वाढवायचा. पहिली टण्ण. दहावी टण्ण. साहेब कुंड्या उचलून देत होते, बायको पुढं नेऊन ठेवत होती. तिनं त्यांना उचलायला दिल्या, हेच त्यांना इतकं भारी वाटत होतं की सहा किलो त्यांना चार वाटू लागले. विसावी टण्ण. तिसावी टण्ण. चाळिसावी लेकीच्या मांडीवरून खाली आली, बाईंनी टकटक केलं, आणि...

टण्ण!

बायकोनं साहेबांकडे बघितलं आणि ती हसली. पाहुण्यांसमोरचं नव्हे, खरं. साहेबांना वाटलं, आता आपल्याला निवृत्त केलं तरी चालेल.

तेवढ्यात वरून आवाज आला. *टक्क.*

सगळ्यांनी वर बघितलं. कुंडीमागून कुंडी उतरत होती तसतशी गाडी मुकाट्यानं वर वर येत होती, आणि तिकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. कॅरियर आता तुळईला खालून गच्च चिकटला होता. साहेबांनी गाडी सुरू करून मागं घ्यायचा प्रयत्न केला. तुळईवरून पांढरा रंग भुरभुर पडला.

"थांबा!" ग्रंथपाल बाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. वाचनालयात त्या कधीच ओरडत नसत. पण साहेबांचा पाय ब्रेकवर गेला. "बारा वाजता अध्यक्ष येतायत. उद्घाटनाला. त्यांची गाडी इथं थांबायची आहे. स्वीकृतीच्या कागदावर माझी सही व्हायची आहे अजून, आणि बारा वाजता माझ्या पोर्चमध्ये हे असं अडकलेलं दिसलं तर ती सही होणार नाही. कुंड्या घेऊन जायच्या."

बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. साहेबांनी ते जाताना बघितलं.

"चाकांची हवा सोडू?" पहारेकरी म्हणाला.

"मग चालवू कशी? आणि भरू कशानं?"

"आणि आवाज होईल," बाई म्हणाल्या. आत 'शांतता राखा' अशी पाटी होती.

"मग कुंड्या परत भरू," साहेब म्हणाले. "गाडी खाली बसेल, बाहेर काढू, परत उतरवू!"

कारकुनानं वही छातीशी धरली. "आवक झाली साहेब. बाहेर न्यायच्या तर जावक नोंद लागते. जावकेला समितीची मंजुरी. समिती महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बसते."

"अहो, फक्त वीस फूट!"

"वीस फूट असो नाहीतर वीस कोस, पोर्चबाहेर ते बाहेर."

दुसरं कुणी असतं तर चिडलं असतं. पण साहेबांच्या डोळ्यांत आदर उमटला. असा माणूस त्यांना आपल्या कार्यालयात हवा होता. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मग पुस्तकं?"

"संदर्भ विभागाची पुस्तकं इमारतीबाहेर जात नाहीत," बाई म्हणाल्या.

घड्याळात साडेअकरा. आता बायको पुढं आली. तिनं कॅरियर आणि तुळईच्या फटीत बोट घालून बघितलं. बोट गेलं नाही. मग तिनं पायरीवरच्या सगळ्यांकडे बघितलं, चाकावर ठेवायच्या आधी मातीच्या गोळ्याकडे बघते तसं.

"माणसं इमारतीबाहेर जाऊ शकतात ना?" ती म्हणाली.

कारकुनानं वही चाळली. त्याला आडकाठी सापडली नाही.

"अहो," बायको साहेबांना म्हणाली, "किती लागतील?"

साहेबांची छाती फुगली. हा त्यांचा विषय होता. मागचं सीट उभं करता करता ते बोलू लागले, "दोनशे चाळीस मागं. हा पहारेकरी अठ्ठ्याहत्तर. कारकूनसाहेब, तुम्ही छप्पन्न."

"साडेपंचावन्न," कारकून म्हणाला आणि वहीसकट आत बसला. वहीनं ते छप्पन्न झाले.

एक बोटाची फट झाली, पण एका कोपऱ्यातच. अजून हवं होतं. आतून रोज शब्दकोडं सोडवायला येणाऱ्या आजोबांना बोलावलं. ते म्हणाले, "येतो, पण पेपर घेऊन येईन. आडवे सात अडलंय." पेपर बाहेर नेता येत नव्हता. पण मुख्य ग्रंथपालांच्या देखरेखीखाली असेल तर चालेल, असं कारकुनानं गाडीतून डोकं बाहेर काढून सांगितलं.

"म्हणजे मीही बसायचं?" बाई म्हणाल्या.

कारकुनानं डोकं आत घेतलं. साहेब चाचरत म्हणाले, "म्हणजे, आजोबा एकोणपन्नास. एकूण एकशे त्र्याऐंशी. अजून सत्तावन्न हवेत. तुमचं वजन जर..."

"माझं वजन ही सार्वजनिक माहिती नाही."

"नाही, नाही. मी फक्त डोळ्यांनी..."

"डोळ्यांनीही नको."

पण पंचवीस वर्षांची सवय तोंडातून निसटली. "अडुसष्ट," साहेब पुटपुटले.

सगळं वाचनालय शांत झालं. तसं ते होतंच, पण आणखी झालं.

"सदुसष्ट," बाई म्हणाल्या, चष्मा सरळ केला आणि आत बसल्या. आजोबा पेपर घेऊन डिकीत गेले. गाडीनं एक सुस्कारा टाकला आणि खाली बसली. तुळई आणि कॅरियर यांच्यामधून उजेड दिसला.

बायको पोर्चच्या तोंडाशी उभी राहिली. "या मागं. या... या... जरा डावीकडे. अहो, श्वास सोडा! या... आला, आला!" आणि दोन बोटं राखून सबंध गाडी, वाचनालयाच्या कर्मचारीवर्गासकट, उन्हात बाहेर आली. लेकीनं शिट्टी वाजवली. आतून कुणीतरी "शूऽऽ" केलं.

पावणेबारा. साहेब उतरून दार उघडायला धावले. पण मागून कुणी उतरेना.

"छान आहे हो गाडी," पहारेकरी म्हणाला. "बसल्यावर हलत नाही बिलकूल."

"अध्यक्ष कधीच वेळेवर येत नाहीत," बाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. "इमारतीला एक चक्कर मारा. मागची बाजू मी पाच वर्षांत बघितलेली नाही."

साहेबांनी चक्कर मारली. मागच्या बाजूला बाईंना दिसलं की दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांनाही कठडे आहेत आणि सगळे रिकामे आहेत. त्यांनी मोजले. एकोणीस. आजोबांना डिकीत आडवे सात सुटलं. उतरल्यावर बाईंनी कारकुनाच्या पाठीवर कागद ठेवून स्वीकृतीची सही केली आणि बायकोला म्हणाल्या, "वरच्या मजल्यासाठी अजून एकोणीस. पुढच्या महिन्यात. आणि ही गाडी येणार असेल तर आधी कळवा, म्हणजे मी कुणाला सुट्टी देणार नाही."

"कळवते," बायको म्हणाली.

परत जायला गाडी रिकामी. नाक खाली, शेपूट आभाळात. साहेब चालकाच्या दाराकडे निघाले, तर बायकोनं हात पुढं केला. "किल्ली द्या. तुम्ही मागं बसा."

"मागं?"

"अगदी मागं. डिकीत."

"अगं, मी?"

"मग कोण? आज तुमच्याशिवाय झालं नसतं. आताही व्हायचं नाही."

पहिलं वाक्य खरं होतं की चेष्टा, हे साहेबांना ठरवता येईना. त्यांनी ते खरं धरलं आणि कार्यालयातल्या कुणी बघत नाही ना याची खात्री करून डिकीत शिरले. गुडघे हनुवटीला, मांडीवर टॉवेलांचा ढीग. मागच्या काचेतून वाचनालय लहान लहान होत गेलं. पहिल्या स्पीडब्रेकरवर ते टपाला लागून खाली आले, पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले.

"बाबा, शॉकअप कधी बदलायचे?" लेकीनं विचारलं.

"सोमवा..." साहेब वर गेले. "...री!" साहेब खाली आले. "शिक्का तेवढा कापून ठेवीन."

"आणि मंगळवारी माती येतेय," बायको आरशात बघून म्हणाली. "सहा पोती. संध्याकाळी लवकर या."

साहेबांनी डोक्यावरचा टॉवेल सारखा केला. "साडेपाचला येतो," ते म्हणाले.

पुढचा स्पीडब्रेकर आला. गाडी उसळली ती उसळतच राहिली.

"आई, हळू चालव ना!" लेक किंचाळली.

"हळूच चालवतेय गं. तुझे बाबा कमी पडतायत वजनाला."

"कमी?" डिकीतून संतप्त आवाज आला. "एकाहत्तर किलो आहे मी! चारशे ग्रॅम!"

बायको हसायला लागली. इतकी हसली की तिला गाडी कडेला घ्यावी लागली. गाडी थांबली, पण तिचं मागचं अंग काही थांबलं नाही. ते वर जात होतं, खाली येत होतं, आणि आत काटेसाहेब टॉवेल धरून, चेहरा होईल तितका गंभीर ठेवून, तिच्या हसण्याच्या तालावर वरखाली होत होते.